हळदीआधीचा गेरू

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या त्या गावात तुळजाबाईचं घर कुणाला शोधावं लागत नसे. उदगीर-निलंग्याकडून, कधी बिदरच्या बाजूनं, अंगावर नागीण उठलेलं माणूस शर्ट वर धरून विव्हळत यायचं आणि फाट्यावरची शेंबडी पोरंसुद्धा त्याला वाट दाखवायची. तुळजाबाई त्याला ओट्यावर बसवायची, सहाणेवर गेरू उगाळायची आणि दुर्वांच्या काडीनं त्या पुरळाच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा ओढून वाट अडवायची. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतं, असं सगळा मुलूख मानतो. सासूनं मरताना तिला ही विद्या दिली आणि सोबत दोन नेम घालून दिले. कुणाकडून काही घ्यायचं नाही, आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही.

खरं सांगायचं तर नागीण गेरू लावला तरी दोन-तीन आठवड्यांत सुकते, न लावला तरी सुकते. पण सुकली की श्रेय गेरूचं, आणि गेरू तुळजाबाईचा. तिला त्यातून जे मिळायचं ते म्हणजे मान. ती मांडवात शिरली की बायका सरकून जागा करायच्या. सरपंच वाकून रामराम घालायचा. नवरा अण्णाराव हा भला, अबोल गडी. गावात त्याची ओळख ‘तुळजाबाईचे मालक’ एवढीच. मानाची चटक दारूच्या चटकेहून वाईट असते. दारू सोडवायला निदान चार माणसं येतात तरी.

एके दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातली मनिषा नावाची बाई आली. एचआयव्हीसाठी रक्त तपासायला आलेल्या माणसाशी बोलायचं, त्याला समजावून सांगायचं, हे तिचं काम. तुळजाबाईनं आधी तिचं आडनाव विचारून घेतलं आणि मग चहा ओट्यावरच मागवला. मनिषाताईला हे नवीन नव्हतं. ती चहा प्यायली आणि सरळ कामाचं बोलली.

“मावशी, म्हाताऱ्या माणसांचं सोडा, त्यांना वयानं येते नागीण. पण पंचवीस-तिशीतलं कुणी आलं तर माझ्याकडं धाडत जा. गेरू लावा, मी नको म्हणत नाही. पण रक्त तपासू द्या.”

“म्हंजी माझा गेरू खोटा व्हय?”

“तसं नाही हो. लहानपणी कांजिण्या येतात ना, त्याच अंगात दडून बसलेल्या असतात. अंगाची राखण धड असली तर गप पडून राहतात. राखण ढिली झाली की नागीण होऊन उठतात. एचआयव्ही तेच करतो. तो स्वतः माणूस मारत नाही, राखणदार मारतो. मग मोकळ्या घरात कुणीही शिरावं. तोंडात पांढरी बुरशी येते, टीबी येतो, हगवण थांबत नाही, मेंदूत बुरशी जाते. माणूस मरतं ते ह्यांच्यामुळं. नागीण पुष्कळदा सगळ्यांच्या आधी येते, आणि तेव्हा माणूस अजून हिंडतं-फिरतं असतं. तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या तर बाकीचे येतच नाहीत. गोळ्या सरकारी आहेत, फुकट आहेत. रोज घेतल्या तर माणूस म्हातारं होऊन मरतं.”

“म्हंजी नागीण आली की ते हायच म्हणा.”

“नाही, नाही. पुष्कळांचं रक्त चांगलंच निघतं. पण बघायला काय जातं?”

तुळजाबाई आधी फणकारली. पण बाई निघून गेल्यावर तिच्या डोळ्यांपुढं एकेक चेहरा यायला लागला. तिच्या हातनं नागीण बरी झालेली तरणी पोरं, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याच घरून आलेले तेराव्याचे सांगावे. कुणी ‘पोटानं’ गेलेलं, कुणी ‘खोकल्यानं’. आपला गेरू आणि त्यांचं मरण यांचा काही संबंध असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी तिला मनापासून वाईट वाटलं.

मग तुळजाबाई या कामाला अशी लागली की मनिषाताईच चकित झाली. तरणं माणूस आलं की ती आधी गेरू लावायची आणि मग ठणकावून सांगायची, “आता इथनं सरळ शिरूरला जायाचं, रगत तपासायचं. न्हाई गेलास तर फिरून माझ्या दारात यायचं न्हाई.” कुणी चिडायचं, कुणी रडायचं, पण तिचा शब्द मोडायची छाती कुणाची नव्हती. बसवराज नावाचा सीमेपलीकडचा एक गडी तिला शिव्या देत तपासायला गेला, आणि दोन वर्षांनी धडधाकट होऊन, लेकराला कडेवर घेऊन तिच्या पायावर डोकं ठेवायला आला. गोळ्यांमुळं ते लेकरूही त्या रोगापासून कोरं राहिलं होतं. तुळजाबाई ही गोष्ट येईल त्याला सांगायची. तालुक्याला कार्यक्रमात तिला शाल-श्रीफळ मिळालं, हातात माईक आला, आणि ती बोलून गेली, “पोटचं लेकरू असलं तरी सोडू नका, तपासा!” टाळ्या पडल्या.

तिचं पोटचं लेकरू एकच, वैजनाथ. लातूरला दाळमिलमध्ये मशीनवर होता, शनिवारी गावाकडं यायचा. मुदखेडची उज्वला त्याला बघून ठरवली, पत्रिका वाटून झाल्या, मांडवाच्या बल्ल्या दारात येऊन पडल्या. आणि हळदीच्या आधीच्या आठवड्यात तो दुपारचा घरी आला, आईपुढं शर्ट वर केला.

“आई, हे बघ गं. नुसती आग हून राहिली.”

उजव्या बरगडीपासून मागं कण्यापर्यंत फोडांचा पट्टा होता. तुळजाबाईनं हयातीत असले पट्टे शेकड्यानं पाहिले होते. तिला हात लावायचीही गरज नव्हती.

“आई,” वैजनाथ खाली बघत म्हणाला, “तू लोकांस्नी धाडतीस ना शिरूरला. मी बी जाऊन येऊ का?”

पोरानं स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं. त्याला हे कुठून आलं असेल, आलं असेल का, हा प्रश्न इथं कुणी विचारू नये. ते विचारायला गावात रिकामी तोंडं पुष्कळ आहेत. त्या घडीला एवढंच पुरे होतं की पोरगं जायला तयार होतं, आणि दवाखाना गाडीनं अर्ध्या तासावर होता.

“गप बस,” तुळजाबाई म्हणाली. “तुला काय धाड भरलीय? मिलातली गरमी भाईर पडलीय.”

अण्णाराव दारात उभा होता. बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा तो माणूस त्या दिवशी बोलला. “लोकाच्या पोरांना धाडतीस की. ह्याला नको का? ती पोरगी बी कुणाची तरी हाय.”

“हळद तोंडावर आलीय, अन् हे काय बोलून राहिलाव? काय निघालं तर? तुळजाबाईच्याच घरात निघालं म्हणून मुलूख हसंल. अन् निघणार बी न्हाई. ती मनिषाच म्हणली, पुष्कळांचं चांगलं निघतं.”

अण्णाराव बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. अवघड वेळेला त्याला नेहमीच बैल आठवायचे.

तुळजाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा ओट्यावर नाही, आतल्या खोलीत, कडी लावून गेरू उगाळला. हळदीच्या दिवशी फोडांवर खपल्या होत्या. नवरदेवानं बनियन काढलं नाही, पोरगं लाजतंय म्हणून बायका खिदळल्या. बनियनच्या कडेला तांबडा डाग दिसत होता. तुळजाबाई पुढं झाली आणि तिनं आपल्या हातानं त्यावर हळद फासली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आपण हसत हसत म्हणतो. त्या मांडवात हसण्यासारखं काही नव्हतं. तिथं एका परक्या घरच्या पोरीचा जीव पणाला लागला होता आणि तिला सोडून त्या घरातल्या तिघांनाही ते ठाऊक होतं.

आणखी वाईट म्हणजे सून तुळजाबाईला आवडली. उज्वला बारावी झालेली, मोठ्यानं हसणारी, कामाला वाघीण. सासूच्या केसांना ती तेल लावून द्यायची. एकदा तेल लावता लावताच तिनं विचारलं, “आत्याबाई, ह्यांच्या बरगडीला ते वळ कशाचे हो?”

“मिलात वाफ लागली व्हती,” तुळजाबाई म्हणाली.

त्या दिवशी खरं बोलली असती तरी वेळ गेली नव्हती. दोघांचंही रक्त तपासलं असतं, गोळ्या सुरू झाल्या असत्या. पण एक खोटं पाठीशी घातलं की पुढचं आपोआप तोंडात येतं. वैजनाथला तिखट झोंबायला लागलं, जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर आले. तुळजाबाईनं तुरटीच्या गुळण्या दिल्या. ते पांढरं काय असतं हे तिला मनिषाताईनं ओट्यावर बसून सांगितलं होतं, आणि ती ते विसरली नव्हती. मग वजन उतरलं, मिल सुटली. उज्वला म्हणायची दवाखान्यात नेऊ. सासू म्हणायची, नजर लागलीय पोराला, उतरून टाकते. स्वतःचं झाकून दुसऱ्याला सांगायला जीभ रेटेना, म्हणून तिनं तरण्या माणसांना शिरूरला धाडणंही बंद केलं. मनिषाताईनं फोन करून विचारलं तर म्हणाली, “आता तरण्यांस्नी येतच न्हाई बाई.” त्या काळात किती पोरं नुसता गेरू लावून घरी गेली, देव जाणे.

मग वैजनाथचं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. दिवसचे दिवस दुखायचं, उजेड सहन व्हायचा नाही, मान अवघडून जायची, पाणी प्यायलं तरी उलटून पडायचं. एका सकाळी त्यानं उज्वलाला ओळखलं नाही. तेव्हा तिनं सासूला विचारलं नाही. शेजारच्या पोराची जीप बोलावली, नवऱ्याला उचलून आत टाकला आणि शिरूर गाठलं. तुळजाबाई मागच्या सीटवर जाऊन बसली, कारण आता घरी बसणं लोकांना दिसलं असतं.

रक्तात ते निघालं. मनिषाताईनं उज्वलाला बाजूला घेतलं, पाणी पाजलं, हळू आवाजात सगळं सांगितलं आणि विचारलं, “ह्यांना आधी काही झालं होतं का? टीबी? नागीण?”

“न्हाई ताई. लग्नाआधी मिलात वाफ लागली होती तेवढीच. बरगडीला वळ हायत.”

मनिषाताई उठली. खाटेवरच्या वैजनाथचा शर्ट तिनं वर केला. अर्ध्या अंगालाच वेढून कण्याशी बरोबर थांबलेला फिकट पट्टा. वाफ अशी रेघ आखून भाजत नाही. ती भिंतीशी उभ्या असलेल्या तुळजाबाईकडं वळली.

“मावशी,” ती इतकंच म्हणाली, “लोकांची लेकरं धाडलीत की हो माझ्याकडं.”

तुळजाबाई पुढं झाली आणि तिनं पोराचा शर्ट खाली ओढला.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. मेंदूच्या वेष्टणात बुरशी गेली होती. अंगातले राखणदार जिथं हजाराच्या घरात असायचे तिथं चाळीसच्या आत उरले होते. बसवराजची गोष्ट तुळजाबाईला पाठ होती. ती डॉक्टरांपुढं हात जोडून उभी राहिली. “सायेब, त्या गोळ्या द्या की. लगेच द्या.”

“आजी, त्या गोळ्या आता लगेच देता येत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “आधी बुरशी आटोक्यात आणायची, मग काही आठवड्यांनी त्या. मेंदूत एवढं असताना घाई केली तर उलट बिघडतं. त्या गोळ्यांची वेळ वर्षा-दीड वर्षापूर्वी होती.”

डॉक्टरांनी सहज सांगितलं. वर्षा-दीड वर्षापूर्वी दारात मांडवाच्या बल्ल्या पडल्या होत्या, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! बुरशीचं औषध जोरानं सुरू झालं, पण उशीर झाला होता. वैजनाथ त्याच आठवड्यात गेला. उज्वलाचं रक्त तपासलं. तिलाही निघालं. तिच्यात राखण अजून शाबूत होती, म्हणून तिला गोळ्या तिथंच सुरू झाल्या. पुढं जे काही झालं त्यात चांगली म्हणावी अशी ही एकच गोष्ट.

दवाखान्यातून काही फुटलं नाही, पण भेटायला आलेल्या पाहुण्यांनी वॉर्डाची पाटी वाचली आणि गावात येऊन पसरवली. तेराव्याला भावकी बसली. उज्वलाचा भाऊ दयानंद तिला न्यायला आला होता. जेवणं उरकली तसं एकानं तोंड उघडलं, “आमचं पोरगं सोन्यासारखं व्हतं. लग्न झालं अन् दीड वर्षात गेलं. हे मुदखेडाहूनच आलं म्हणायचं.” दुसरा म्हणाला, “पांढऱ्या पायाची म्हणत व्हते जुने लोक, ते उगं न्हाई.” दयानंद ताडकन उठला. त्याला कुणीतरी खाली बसवलं.

उज्वला चुलीजवळून उठून बाहेर आली. सगळ्या बाप्यांसमोर, डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती सासूपुढं उभी राहिली. “आत्याबाई, तुमी सांगा. ते वळ माझ्या येण्याआधीचे हायत. कशाचे ते सांगा.”

मनिषाताई तिथं नव्हती, आणि असती तरी तिचं तोंड नोकरीच्या नियमानं बांधलेलं. ती कुणाच्या रक्ताचं चारचौघांत बोलू शकत नव्हती. अण्णाराव बायकोकडं बघत होता. ती बोलली असती तर तोही बोलला असता, असं आपलं म्हणायचं. नागीण लग्नाआधीची होती, आपण स्वतः गेरू लावला होता, पोरगं तपासायला जातो म्हणत होतं: तीन वाक्यांचं काम होतं. तेवढ्यानं मेलेला परत आला नसता, पण जितीवरचा डाग धुतला गेला असता.

“मला काय ठावं, बाई,” तुळजाबाई म्हणाली. “माझ्या लेकराला लग्नाच्या आधी कधी टाचणी टोचली न्हवती.”

 उज्वलानं आत जाऊन गोळ्यांचा डबा पिशवीत घातला आणि ती भावाच्या मागं चालती झाली. जाताना दयानंदनं बहिणीची पिशवी हातात घेतली नाही. त्यालाही आता पुरती खात्री राहिली नव्हती.

वर्ष गेलं. तुळजाबाईला घास गोड लागेना. अण्णाराव तिच्याशी बैलांपुरतंच बोलायचा. शेवटी एक दिवस ती कुणाला न सांगता निघाली, नांदेडची एसटी धरली, तिथून रेल्वेनं मुदखेडला उतरली. दयानंदच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत उज्वला एकटी राहत होती. काकड्याची, मोगऱ्यासारखी पांढरी फुलं तोडायला पहाटे मळ्यात जायची. त्या फुलांचे गजरे बांधायला मात्र बायका तिला जवळ बसवून घेत नव्हत्या. तब्येत चांगली होती. नांदेडला जाऊन नेमानं गोळ्या आणत होती. सासूला पाहून ती दचकली नाही. सतरंजी टाकली.

“पोरी,” तुळजाबाई बसता बसता रडायला लागली. “मीच गेरू लावला व्हता गं. हळदीच्या आधी. तो तपासाया जातो म्हणत व्हता, मीच जाऊ दिलं न्हाई. माझ्या हातानं मारलं मी त्याला. तुलाबी...”

उज्वलानं सतरंजीचा मुडपलेला कोपरा सरळ केला.

“मला कळलं व्हतं ते,” ती म्हणाली. “दवाखान्यात ताईनं शर्ट वर केला तवाच. गावात सांगितलं का?”

“न्हाई.”

“माझ्या भावाला सांगाल? तो आता येईल, भावजय बी येईल. माझं ताट येगळं हाय ह्या घरात. सांगाल त्यांच्यासमोर?”

तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला. “कसं सांगू गं? तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई मला. अजून लोक येत्यात दारात...”

“मग इतक्या लांब कशाला आलाव?”

“जिवाला चैन न्हाई.”

“म्हंजी हे बी तुमच्याच जिवासाठी झालं की, आत्याबाई.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तुळजाबाईला त्याचीच भीती वाटली. “मला जे ठावं हाय ते मला सांगून काय उपेग? दादा यायच्या आत जावा. न्हाई तर सांगायला थांबा.”

तुळजाबाई थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा पारावर नेहमीची मंडळी होती. शेजारची भामाबाई दळण घेऊन उभी होती. “काय वो तुळजाक्का, कुठं गेल्ता?”

“मुदखेडला.”

“सुनंकडं?” भामाबाईनं दळण खाली ठेवलं. पारावरच्या माना वळल्या. भामाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जिनं पोटचा गोळा खाल्ला, तिची बी खबर घ्यायला गेला! तुमच्यावानी काळीज आमाला न्हाई बाई.” एक म्हातारा पारावरून उठला आणि त्यानं तुळजाबाईला बसायला जागा करून दिली.

तुळजाबाई क्षणभर उभी राहिली. मग पदर सावरून त्या जागेवर बसली, आणि भामाबाईनं आणून दिलेलं पाणी प्यायली.